फळीवरची चाल

माय, तुझी चाल मला अजून जमत नाही. बसलेली तू जमतेस. चुलीपुढं वाकून, डोळे बारीक करून फुंकणीनं जाळ करणारी तू तर पहिल्याच फटक्यात जमलीस. पण डोक्यावर उसाची मोळी घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणारी तू काही केल्या येत नाहीस. कितीदा काढली, कितीदा पुसली. दर वेळी कुणीतरी बाई चढते, साडी तुझी, मोळी तुझी आणि चालणारी भलतीच. दोन पावलांतच मला कळतं की ही ती नव्हे, आणि मग मी उगाच चहा करायला उठते.

मी काय काम करते हे तुला कधी नीट सांगताच आलं नाही. तू गेलीस तेव्हा मी चित्रकलेच्या कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले की तू विचारायचीस, "चित्रं काढून मंग काय करायचं त्येचं?" आणि मलाही ठाऊक नसायचं. आता पुण्यात एका स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर चित्रं हलवते. चित्र काही खरोखर हलत नसतं. एका चित्रानंतर जरासं वेगळं दुसरं, मग तिसरं, अशी भराभर दाखवली की डोळा आपण होऊन त्यांना जोडून घेतो आणि आपल्याला वाटतं, बाई चालली. प्रश्न एवढाच असतो की एका सेकंदात चित्रं किती दाखवायची. बारा दाखवली तर चाल किंचित ठेचकाळते. चोवीस हे सिनेमाचं जुनं माप, त्यात जग बरंचसं जगासारखं दिसतं. साठ दाखवली की सगळं तुपाच्या धारेसारखं ओघळत जातं. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आमच्या धंद्यात एवढ्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मीही येते. माझा स्वभाव तुला माहीतच आहे, तुझ्याकडूनच आलाय.

या वेळी मला माझी स्वतःची छोटीशी फिल्म करायला मिळाली आहे, आणि विषय मी तुला निवडलं. त्याला कारण माझी मुलगी, तू न पाहिलेली. ती नकला फार छान करते. एकदा तिच्या इकडच्या आजीची चाल तिनं हुबेहूब करून दाखवली, आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसता ती म्हणाली, "आणि बीडची आजी कशी चालायची?" मी उठले. दाखवायला म्हणून दोन पावलं टाकली आणि खोलीच्या मध्येच उभी राहिले. डोळ्यांत तुझी चाल स्वच्छ होती, पायांत येत नव्हती. घरात तुझा फोटो एकच. जयंतीला विहारासमोर काढलेला, पांढरी साडी, हात दोन्ही बाजूंना सरळ, कुणीतरी 'हलू नका' म्हणून दटावल्यासारखी उभी आहेस. माझ्या मुलीला तू तेवढीच माहीत आहेस, न हलणारी. फिल्ममध्ये जी चालेल तीच तिची आजी होऊन बसणार, म्हणून मला एवढी धास्ती.

डोळे मिटले की फड दिसतो. थंडीतली सकाळ, पाचटावर दव, कडेला उभा ट्रक, आणि सगळ्यावर ती दुधासारखी धूसर हवा. वडील, आपले दादा, ऊस तोडतायत, तू उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या वाढ्यांनी मोळी आवळतेस. ट्रकच्या मागच्या तोंडाला एक लांब फळी तिरकी टेकवलेली आहे. मोळी डोक्यावर घेऊन तिच्यावरून वर जायचं, वर टाकायची, खाली यायचं. मी पाचटाच्या ढिगावर बसून ऊस चोखतेय. फळी लवते. माणूस मध्यावर आलं की ती खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. नवखी माणसं तिथं घाबरून भराभर पाय टाकतात आणि फळी त्यांना बाजूला भिरकावते. तू तसं करत नाहीस. मध्यावर तू जरा थांबतेस. एक पाय ठेवतेस, फळी खाली जाते तशी तिच्यासोबत खाली जातेस, ती वर यायला लागली की मगच दुसरा पाय उचलतेस, आणि पुढचं पाऊल जणू फळीच टाकते. मान ताठ, मोळी जागच्या जागी, आणि मोळीखालचं सगळं अंग संथ हेलकाव्यात. धुक्यात ट्रकची खालची बाजू दिसत नाही, फळीचं खालचं टोक दिसत नाही, आणि तू नुसती हवेत वर वर जात असतेस. मला आजही कधी स्वप्नात तू दिसलीस तर अशीच दिसतेस.

एकदा मला वाटलं, आपणही असं हिंदकळावं. तू अर्ध्यात होतीस आणि मी मागून फळीवर पाय ठेवला. तू वळली नाहीस, डोक्यावर मोळी असताना वळणार कशी? जागच्या जागी थिजलीस आणि ओरडलीस, "उतर! उतर आदी खाली!" मी उडी मारली आणि पाचटात तोंड खुपसून बसले. थोड्या वेळानं दंडाला तुझा हात लागला. "फळीवर दोघी चढत न्हाईत," तू म्हणालीस. "तुजा पाय येगळा, माजा पाय येगळा. तिनं कुनाचं ऐकायचं?" मारलं नाहीस. पण माझा दंड घट्ट धरून ठेवलास, आणि तुला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग तो दुष्काळ आला. आपल्या भागातला ऊस करपला, सहकारी कारखान्याचा हंगाम सुरूच झाला नाही आणि जिथून ऊस यंत्रात जायचा त्या गव्हाणीपाशी चिटपाखरू फिरेना. दादा लांबच्या जिल्ह्यात कामाला गेले आणि तू मला घेऊन मागं राहिलीस. कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी पडली. सगळीकडे गुरं, वर चिंध्यांची सावली, टँकरची वाट बघणारी माणसं, आणि दुपारी तर ते सगळं उन्हात तरंगल्यासारखं दिसायचं, जनावरांचे पाय जमिनीला टेकलेले वाटायचेच नाहीत. तू तिथं शेण काढायचीस, पाणी द्यायचीस. पुढं छावणीच्या माणसांना बसायला म्हणून कारखान्याचं बंद ऑफिस उघडलं, तेव्हा झाडलोट तुझ्याकडे आली. त्या ऑफिसातून तू मला एक वस्तू आणलीस. पतसंस्थेनं वाटलेलं कॅलेंडर, रोज एक पान फाडायचं, तसलं जाडजूड. त्याचं एकही पान फाटलेलं नव्हतं. ऑफिस तोवर उघडलंच नव्हतं, तर तारीख फाडणार कोण? सबंध वर्ष भिंतीवर तसंच राहिलं होतं. "रखवालदारानं दिलं," तू म्हणालीस. "मागनं कोरं हाय. काड चित्रं."

मी त्याच्या पाठकोऱ्या पानांच्या कोपऱ्यात तुला काढलं. पानागणिक फळीवर थोडी वर. कडा अंगठ्यानं फर्र करून सोडल्या की तू चढायचीस. माझं पहिलं ॲनिमेशन ते, आणि ते शिकवायला कुणी नव्हतं, शाळेतल्या कुठल्याशा वहीच्या कोपऱ्यात कुणीतरी उडवलेला पतंग मी पाहिला होता एवढंच. तुला दाखवलं तर तू म्हणालीस, "लई पळवायलीस. मी काय अशी पळत चढती का?" आणि माझ्या हातातून घेतलंस. तुझा अंगठा उसाच्या पात्यांनी चिरून खरखरीत झालेला. पानं एकेक सुटेनात, दोन दोन चिकटून सुटायला लागली. चित्र जरा ठेचकाळत, जरा दम घेत चढायला लागलं. तू बराच वेळ बघत राहिलीस. मग हसून म्हणालीस, "हां. आता मी हाय."

तेव्हापासून माझा हट्ट बाराचा. चोवीसातली निम्मी चित्रं गाळायची, तुझ्या अंगठ्यानं गाळली तशी. आमच्या साहेबांना ते पटत नाही. ते भले गृहस्थ आहेत, पण नव्या मोठ्या पडद्याचं त्यांना फार कौतुक. "साठ घे," म्हणतात. "मधली चित्रं सॉफ्टवेअर भरेल, तुला हातही लावायला नको." भरून पाहिली. माय, काय सुंदर चालत होतीस! पण मध्यावर तू थांबतेस ना, ते थांबणं गेलं. मशीनला दोन पावलं दिली की ते मधलं अंतर सारखं वाटून टाकतं, थांबणंही वाटण्यातच जातं. रॅम्पवरून सुटकेस ओढत नेतात तशी तू वर गेलीस. मला रडू आलं, आणि मग साहेबांवर राग.

पण माझ्या बारातही मेख निघाली. त्यात तू बरी चालतेस, फळी मात्र मरते. सिनेमात धावत्या गाडीचं चाक कधी थबकल्यासारखं दिसतं, तसंच. फळीच्या हेलकाव्यात जी बारीक थरथर असते ती एवढी भराभर की बारा चित्रांत फळी दर वेळी त्याच जागी सापडते आणि सिमेंटची असावी तशी दिसते. मग मी शहाणपणा केला. तुला बारावर ठेवलं आणि फळीला चोवीसवर. एका चित्रात पाय फळीवर, दुसऱ्यात फळी खाली गेलेली आणि तू अधांतरी. तुजा पाय येगळा, माजा पाय येगळा. खुर्चीत बसल्या बसल्या दंडाला तुझा हात लागल्यासारखं झालं. महिनाअखेरच्या सोमवारी आकडा कळवायचा आहे. सबंध फिल्म मग त्याच आकड्यावर बाहेर निघेल, नंतर काही हलवता येणार नाही. मला अजून सुचत नाहीये.

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये तलवाड्याला जाऊन आले. वाटलं, तुझ्यासोबत त्या फळीवर चढणारं आता कोण उरलंय, तर मावशीच. तिलाच दाखवावं आणि काय तो निकाल लावावा. गेवराईला उतरले, तिथून पुढं जीपमध्ये कोंबून घेतलं. मावशी थकली आहे, पण आवाज तोच खणखणीत. ओसरीत बाजेवर लॅपटॉप ठेवला. तिनं चष्मा पुसून लावला आणि तू चढायला लागल्यावर पदर तोंडाला लावला. मी आधी साठचं दाखवलं, मग बाराचं, मग चोवीसचं. एवढे दिवस ज्याच्यापायी जेवण गोड लागलं नाही ते सगळं मी त्या म्हातारीच्या पुढ्यात मांडलं होतं. विचारलं, "यातली कोणती आई?"

"समद्या तीच की," मावशी म्हणाली. "सारख्याच हायत्या. येगळं काय केलंस त्येच्यात?"

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. मी समजावून सांगायला लागले, मधलं थांबणं, फळीचं लवणं. ती ऐकत नव्हती. ती पडद्याकडेच बघत होती. आमच्याकडे तपासायला म्हणून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत ठेवतात. तू वर पोचायच्या आत पुन्हा खालून सुरू होत होतीस.

"किती येळ चढवायलीस गं तिला?" मावशी एकदम म्हणाली. "मघाधरनं चढायलीच. उतरू दे की आता."

मी सांगितलं, उतरणं मी काढलेलंच नाही.

"कावून? आगं, उतरताना तर ती खरी! चढताना काय, आमी समद्या सारख्याच, मुंडी दाबून. उतरताना लई उंडारायची. पळत यायची. मधी आली की फळीवर असा जोर द्यायची, फळी उसळली की उडी मारून पार तिकडं. मुकादम वरडायचा, 'बाई, पाय मोडंल!' ही हसतच ऱ्हायाची. मी भ्यायचे, मला न्हाई जमलं कदी." आणि एवढं बोलून ती स्वतःच हसायला लागली, डोळे पुसत.

मला मावशीचा हेवा वाटला, माय, सांगायला लाज कसली. मी सगळे हंगाम त्या ढिगावर बसून होते आणि मला हे ठाऊक नाही. असं कसं झालं याचा मी येताना बसमध्ये विचार करत होते. तू चढत असेपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा. वर पोचलीस, मोळी धप्पकन पडली, की माझा जीव भांड्यात पडायचा आणि मी उसाकडे वळायचे. तुझं उतरणं माझ्या पाठीमागं व्हायचं. बसच्या खिडकीतून कोरडी शेतं मागं जात होती, डोळा लागत होता, आणि त्या गुंगीत मी मान वळवून बघायचा प्रयत्न करत होते. ढिगावर बसलेली ती पोर काही मान वळवेना.

मग मी ते करून पाहिलं. आमच्या सोसायटीत रंगकाम चालू आहे. रंगाऱ्यांची फळी मागून घेतली, एक टोक ओट्यावर, एक खाली, आणि मुलीच्या हातात मोबाईल दिला. पहिल्यांदा मी सरकारी कचेरीच्या पायऱ्या उतरावं तशी उतरले. मुलगी म्हणाली, "आई, तू घाबरतेयस, आजी नव्हती ना घाबरत?" मग पदर खोचला. शेजारच्या काकू खिडकीतून बघत होत्या, बघू दे. पळत सुटले, मध्यावर आले, पाय दाबला, आणि काय सांगू, फळीनं खरंच मला वर उचललं. क्षणभर खाली काहीच नव्हतं. पडले, गुडघा सुजला, आणि कितीतरी दिवसांत आलं नव्हतं एवढं हसू आलं. तेच मी काढलं. फळीचा प्रत्येक हेलकावा, साडीचा प्रत्येक झोळ, एकही चित्र मशीनला भरू दिलं नाही.

ठरल्या सोमवारी साहेबांना आकडा दिला. चोवीस. जमिनीवर प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं, म्हणजे तिथं तुझ्या अंगठ्याची बाराच. पण पाय फळीला लागला की चोवीसच्या चोवीस वेगळी, तिची आणि तुझी बरोबरच, दोघींचा पाय एक. "आणि साठ?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बघ बाई, आई तुझी आहे." मग उतरण्याचा तुकडा बघून मात्र खूश झाले. तिथं मी कॅमेरा ट्रकच्या वर नेलाय. तू आमच्याकडे पाठ करून खाली पळत जातेस, उसळतेस आणि धुक्यात शिरतेस. "वरून बघायचं छान सुचलं तुला," ते म्हणाले. मी थँक्यू म्हटलं.

आत्ता समोर कॉम्प्युटर एकेक चित्र बाहेर काढतोय. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलंय, पंख्याची सावली भिंतीवरून फिरतेय, आणि पडद्यावर तू पावलागणिक तयार होतेयस. हे पत्र तुझ्यापर्यंत येण्यासारखं असतं तर तू ते मावशीकडून वाचून घेतलं असतंस, आणि मग पुढचं मी लिहिलं नसतं. ते तिला कळायला नको. कॅमेरा वर नेणं मला सुचलं-बिचलं काही नव्हतं. चढताना तू पाठमोरी असतेस, ते सोपं होतं. उतरणारी बाई समोरून दिसते, म्हणजे चेहरा हवा, तोही हसणारा. मी बसले काढायला. फोटोतला चेहरा आला, अगदी तसाच आला. तो हसवायला गेले आणि हात थांबला. आधी तुझे डोळे बारीक व्हायचे की आधी गाल वर यायचे? ओठ कुठल्या बाजूनं सुटायचे? सेकंदाला साठ सोड, एक चित्र आठवेना. म्हणून मी गुपचूप कॅमेरा तुझ्या पाठीमागं नेऊन ठेवला. काल मुलगी पडद्याला नाक लावून बघत होती. म्हणाली, "पळताना आजी हसतेय ना?" मी म्हटलं, हो, हसायचीच ती. तुझा चेहरा मला हलणारा आठवत नाही, माय.